फेरफाराची वर्दी

सातबाराचा उतारा तुमच्यापैकी बहुतेकांनी हाताळलेला आहे. पीककर्ज असो, पाइपलाइन असो, की भावाभावांतली वाटणी असो, आधी उतारा आणा, असेच सगळीकडे सांगतात. ह्या उताऱ्यावर आज काय आहे ते दिसते. जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा कोणाचा. पण ते तसे कसे झाले, हे पाहायचे असेल तर उतारा पुरत नाही. त्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडावी लागते. अमुक तारखेला वर्दी आली, अमुक मयत झाले, वारसांची नावे लागली, अमुक गट विकला गेला. एकाखाली एक, क्रमांकाने, नोंदी चाललेल्या असतात. मधली नोंद कोणी पुसत नाही. चूक झाली तरी दुरुस्तीची नवी नोंद पुढे होते. सातबारावर जुन्या नावाला कंस पडतो आणि शेजारी गोलात फेरफाराचा क्रमांक येतो.

म्हणजे दोन कागद झाले. एक आजची स्थिती सांगणारा, दुसरा बदलांची मालिका सांगणारा. आमच्या जुन्या दुकानदारांची कीर्द आणि खतावणी हीच जोडी. कीर्दीत दिवसभराचा व्यवहार घडेल तसा उतरवायचा आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. खतावणी जळाली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. कीर्द जळाली तर मात्र खतावणीवरून ती जशीच्या तशी उभी करणे अवघड. कोणता कागद अधिक मोलाचा, हे आपल्या मुनिमाला शिकवावे लागत नसे.

आजचा विषय संगणकाचा आहे, आणि मी कीर्द-खतावणी सांगत बसलो, असे वाटेल. पण संगणकातल्या नोंदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, झाल्या क्षणी आणि न चुकता कशा पोचवाव्यात, ह्या प्रश्नाचे सध्याचे उत्तर बरेचसे ह्याच जोडीत आहे.

डेटाबेस म्हणजे नोंदी ठेवण्याचे शिस्तीचे कोठार. त्यात टेबले असतात, टेबलांत ओळी असतात. वापरणाऱ्याला दिसतात ती ही टेबले. ती खतावणीच्या जागी समजा. पण प्रत्येक चांगल्या डेटाबेसच्या पोटात एक कीर्दही असते. पोस्टग्रेस नावाचा एक फुकट मिळणारा, पण अतिशय भरवशाचा डेटाबेस आहे. त्यात ही कीर्द २००१ साली आलेल्या ७.१ ह्या आवृत्तीपासून आहे. तिचा नियम असा की बदल आधी कीर्दीत लिहायचा, ती कीर्द डिस्कवर पक्की उतरली की मगच 'नोंद झाली' असे म्हणायचे. टेबलातली प्रत्यक्ष ओळ सवडीने बदलली तरी चालते. मध्येच वीज गेली तर? आपल्याकडे वीज जाणे ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. वीज आल्यावर डेटाबेस उठतो, कीर्द वाचतो आणि राहिलेले बदल टेबलात करून घेतो.

बरीच वर्षे ही कीर्द डेटाबेसची खाजगी वही होती. तिच्यातली भाषाही अशी की अमुक पानावरचा अमुक तुकडा असा बदलला. बाहेरच्या माणसाला त्यातून काही बोध व्हायचा नाही. २०१४ साली पोस्टग्रेसच्या ९.४ ह्या आवृत्तीत ही कीर्द उलगडून, अमुक टेबलात अमुक ओळ आली, अमुक ओळ बदलली, अशा समजेल अशा रूपात बाहेर देण्याची सोय झाली. त्यातही एक चोख व्यवस्था आहे. हस्तलिखित सातबाराच्या दिवसांत फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबारावर पेन्सिलीची खूण असे, शाई नंतर लागे. तसेच इथे. जो व्यवहार पुरा झाला, तोच बाहेर कळतो. अर्ध्यावर सोडून दिलेल्या व्यवहाराची वार्ता बाहेर जात नाही.

आता ही वार्ता बाहेर न्यायची कशाला, हे एका दूध संकलन केंद्रावर पाहू. केंद्र कल्पनेतलेच, पण तुमच्या गावातल्यासारखे. सकाळी सभासद येतो, दूध मोजले जाते, फॅट लागते, पावती निघते. ही पावती डेटाबेसात एक ओळ म्हणून पडते. पण तिची वाट बघणारे चार जण आहेत. सभासदाच्या मोबाइलवर निरोप जायला हवा. दहा दिवसांचे बिल करणाऱ्या कारकुनाला ती हवी. शीतकरण केंद्राला आज किती दूध येणार हे हवे. आणि पशुखाद्याची उधारी कापणाऱ्या सोसायटीलाही ती हवी.

पहिला मार्ग कोणालाही सुचेल असा. चौघांनीही दर पाच मिनिटांनी डेटाबेसला विचारायचे, काही नवे आहे का हो? चार जणांचे चाळीस झाले की डेटाबेसचा निम्मा वेळ उत्तरे देण्यातच जातो. पण त्याहून वाईट असे की पुसलेली ओळ ह्या विचारणीत सापडत नाही. जी नाहीच, ती दिसणार कशी? आणि पाच मिनिटांत एखादी ओळ दोनदा बदलली तर मधला बदल कोणालाच कळत नाही.

दुसरा मार्ग अधिक सोपा वाटतो आणि अधिक घातक आहे. पावती करणाऱ्या प्रोग्रॅमनेच दोन कामे करायची. आधी डेटाबेसात ओळ लिहायची, मग बिलाच्या प्रोग्रॅमला निरोप धाडायचा. दिसायला बिनतक्रार. पण पहिले काम झाले आणि दुसऱ्याच्या आत वीज गेली, तर काय होईल ते पाहा. पावती आहे, बिलात दूध नाही. सभासदाच्या हातात कागद आहे, संस्थेच्या हिशेबात पैसे नाहीत. बरे, उलट करू. आधी निरोप, मग नोंद. निरोप गेला आणि डेटाबेसने सभासद क्रमांक चुकला म्हणून ओळ नाकारली. आता न घातलेल्या दुधाचे पैसे निघणार! कोणतेही काम आधी ठेवा, मधली फट राहतेच. हजार पावत्यांत असे एकदा घडेल. पण त्या एका पावतीमागे एका घराचा सकाळचा घाम असतो, आणि तो सभासद कारकुनावर चोरीचा आळ घेतो. कारकून बिचारा प्रामाणिक असतो. यंत्रातली फट दोघांनाही दिसत नाही. गावातला विश्वास अशा अदृश्य फटीतून गळत जातो, म्हणून ह्या तांत्रिक मुद्द्यावर मी इतका वेळ थांबलो.

फट बुजवायची तर लिहिणे एकाच ठिकाणी हवे. पावतीच्या प्रोग्रॅमने फक्त डेटाबेसात लिहावे आणि बाकीचे सगळे डेटाबेसच्या कीर्दीतून उचलावे. जे कीर्दीत आहे ते घडले, जे नाही ते घडले नाही. वादच मिटला.

कीर्दीतून उचललेली वार्ता चौघांपर्यंत नेण्यासाठी मध्ये एक जण लागतो, त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात. ब्रोकर म्हटले की मार्केट यार्डातला अडत्या डोळ्यांसमोर येतो. हा ब्रोकर अडत घेत नाही आणि भावही पाडत नाही. तो निरोप घेतो, क्रमाने लिहून ठेवतो आणि मागेल त्याला वाचू देतो. ह्या कामाचा आज पुष्कळ वापरात असलेला ब्रोकर म्हणजे काफ्का. अमेरिकेतल्या लिंक्डइन ह्या कंपनीत तो तयार झाला आणि २०११ साली सर्वांसाठी खुला करण्यात आला. करणारे तिघे, जे क्रेप्स, जून राव आणि नेहा नारखेडे. नारखेडे ह्या पुण्यात वाढलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरच्या मुलीही मान वर करतात, असा माझा अनुभव आहे. नाव ठेवले ते फ्रान्झ काफ्का ह्या लेखकाचे. ही यंत्रणा लिहिण्यात तरबेज, म्हणून लेखकाचे नाव, असे क्रेप्स ह्यांनी त्याचे कारण दिले आहे.

काफ्काची आतली रचना आपल्या नोंदवहीसारखीच आहे. प्रत्येक विषयाची एक वही, तिला टॉपिक म्हणायचे. वहीचे भाग पाडता येतात. भागात नोंदी एकाखाली एक, प्रत्येकीला अनुक्रमांक. वाचणारा आपली खूण आपण ठेवतो, की मी ३१२ पर्यंत वाचले. बिलाचा प्रोग्रॅम ३१२ वर असेल, शीतकरण केंद्राचा ३४० वर. एकाने वाचले म्हणून नोंद नाहीशी होत नाही, दुसऱ्याला ती तशीच मिळते. एक जण दिवसभर बंद पडला तरी उद्या आपल्या खुणेपासून पुढे सुरू करतो. वेगळे काही सांगितले नाही तर काफ्का नोंदी ७ दिवस ठेवतो. दहा दिवसांच्या बिलाला ही मुदत अपुरी, तेव्हा ती वाढवून घ्यावी.

आता राहिला कीर्द वाचून काफ्काच्या वहीत उतरवणारा. त्याचे नाव डेबेझियम. हा रेड हॅट ह्या कंपनीत २०१५ च्या सुमारास सुरू झालेला आणि खुला असलेला प्रोग्रॅम. पोस्टग्रेस, मायएस्क्यूएल आणि आणखी काही डेटाबेसांच्या कीर्दी त्याला वाचता येतात.

शिक्षक मंडळींसाठी हे सारे मांडून दाखवणारा छोटा नमुना सांगतो. साधारण आठ जीबी मेमरीच्या एका संगणकावर तो चालतो आणि लागणारे सगळे प्रोग्रॅम विनामूल्य आहेत. पोस्टग्रेसमध्ये 'संकलन' नावाचे टेबल करा. रकाने पाच पुरेत : पावती क्रमांक, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, रक्कम. पोस्टग्रेसच्या मांडणीत कीर्दीची पातळी 'लॉजिकल' अशी करा आणि डेटाबेस एकदा बंद करून चालू करा. हे केल्याशिवाय कीर्द उलगडत नाही. मग काफ्का चालू करा. जुन्या पुस्तकांत त्याच्याबरोबर झूकीपर नावाचा एक सोबती चालू करायला सांगितलेले असते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या काफ्काच्या ४.० आवृत्तीपासून त्याची गरज संपली आहे, तेव्हा ती पाने उलटून पुढे जा. शेवटी डेबेझियमला डेटाबेसचा पत्ता, परवलीचा शब्द आणि टेबलाचे नाव द्या.

डेबेझियम पहिल्याने काय करतो? टेबलात आधीपासून ज्या ओळी आहेत त्यांची एक नक्कल काढून वहीत लिहितो. त्यांच्यावर 'आर' असे अक्षर असते, म्हणजे नुसती वाचलेली. ते झाले की तो कीर्दीला चिकटतो. आता पावती घाला. पावती ११८७, सभासद ४२, लिटर १२, फॅट ३.३. उदाहरणापुरता दर ३३ रुपये धरला तर रक्कम ३९६. पाहता पाहता काफ्काच्या वहीत नोंद येते. तिच्यात 'आधी' हा भाग रिकामा, 'नंतर' ह्या भागात ही पूर्ण ओळ, आणि अक्षर 'सी', म्हणजे नवी.

आता सभासद म्हणतो, फॅट ३.८ लागली होती, तुमचा आकडा चुकला. तपासून पाहता त्याचे खरे निघते. ओळ दुरुस्त करा. फॅट ३.८, दर ३५, रक्कम ४२०. लगेच दुसरी नोंद येते, अक्षर 'यू'. 'आधी' ३९६, 'नंतर' ४२०. टेबलात पाहाल तर फक्त ४२० दिसेल, जणू ३९६ कधी नव्हतेच. वहीत मात्र दोन्ही आहेत आणि कोणत्या क्षणी बदल झाला तेही आहे. इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. पोस्टग्रेस आपण होऊन जुनी ओळ पूर्ण देत नाही. 'रेप्लिका आयडेंटिटी' नावाची सूचना त्या टेबलाला 'फुल' अशी द्यावी लागते. न दिल्यास 'आधी' चा भाग कोराच येतो आणि मुले विचारतात, सर, जुने कुठे गेले?

आणखी एक. पावती ११८७ च्या दोन्ही नोंदी वहीच्या एकाच भागात, एकीमागून एक पडतात, कारण डेबेझियम पावती क्रमांकावरून भाग ठरवतो. त्यामुळे दुरुस्ती आधी आणि मूळ पावती मागून, असा उलटा कारभार होत नाही.

इतके झाले म्हणजे बिनघोर झोपावे, असे मात्र नाही. ह्या व्यवस्थेचे वचन इतकेच आहे की नोंद निदान एकदा पोचेल. कधी कधी ती दोनदाही पोचते. बिलाच्या प्रोग्रॅमने नोंद वाचली, रक्कम मांडली आणि 'मी इथवर वाचले' ही खूण करायच्या आत तो बंद पडला, तर उठल्यावर तीच नोंद पुन्हा वाचणार. आता प्रोग्रॅमची रीत जर 'सभासद ४२ च्या खात्यात ४२० मिळव' अशी असेल तर ८४० होतील. म्हणून रीत बदलायची. 'पावती ११८७ ची रक्कम ४२० आहे' असे मांडायचे, आणि बेरीज शेवटी पावत्यांवरून करायची. मग तीच नोंद दहादा आली तरी पावती एकच आणि रक्कम ४२० च. मोबाइलवरच्या निरोपाला हा उपाय चालत नाही, गेलेला निरोप परत घेता येत नाही. पाठवलेल्या पावत्यांची यादी ठेवली तर दुहेरी निरोप विरळा होतो, पण अगदी टळत नाही. माझे मत असे की निरोप दोनदा गेला तरी सोसावे, पैसे मात्र दोनदा जाता कामा नयेत. मुलांना ह्या दोहोंतला फरक वेगळा काढायला लावावा. परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा त्यात अधिक शिक्षण आहे.

दुसरा धोका डिस्कचा. डेबेझियमने कीर्द कुठवर वाचली ह्याची खूण पोस्टग्रेस स्वतःकडे ठेवतो आणि न वाचलेली कीर्द टाकून देत नाही. हे चांगलेच आहे. पण डेबेझियम बंद पडला आणि कोणी लक्ष दिले नाही, तर कीर्दीच्या १६-१६ एमबीच्या फायली साठत जातात, डिस्क भरते, आणि शेवटी पावत्या घेणारा मूळ डेटाबेसच थांबतो. निरोप्या आजारी पडला म्हणून दुधाचे माप बंद! २०२० साली आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ह्या साठ्याला मर्यादा घालता येते. पण मर्यादा ओलांडली की ती खूण बाद होते आणि नक्कल पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते. दूध थांबवायचे की निरोप तोडायचा, हे संस्थेने आधीच ठरवून ठेवावे. पहाटे पाच वाजता रांग लागलेली असताना ठरवण्याची ही गोष्ट नव्हे.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगतो. टेबलात सभासदाचा बँक खाते क्रमांक असेल तर तोही वहीत उतरतो आणि वही वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. शीतकरण केंद्राला त्याचे काय काम? नको ते रकाने वगळण्याची सोय डेबेझियममध्ये आहे. ती पहिल्या दिवशीच वापरावी, कारण नंतर वगळले तरी आधी वहीत गेलेले मुदत संपेपर्यंत तिथेच राहते.

आणि हो, प्रत्येक ठिकाणी हे सारे हवेच असे नाही. शाळेचे हजेरीपत्रक, ग्रंथालयाची देवघेव, साठ सभासदांची डेअरी ह्यांना एक डेटाबेस आणि संध्याकाळी काढलेली एक यादी पुष्कळ झाली. काफ्का उभा करायचा म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवणारे माणूसही हवे. ज्या संस्थेत माप, बिल आणि वसुली वेगवेगळ्या यंत्रांवर चालते आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून दर दहा दिवसांनी भांडण होते, तिने मात्र ह्याचा विचार जरूर करावा.

नमुना मांडून झाला की वर्गात एक प्रयोग करा. काफ्का आणि डेबेझियम दोन्ही बंद करा. पोस्टग्रेस चालूच राहू द्या. तीन मुलांना बोलावून तीन पावत्या घालायला सांगा, आणि चौथ्याला त्यांतली मधली पुसायला सांगा. टेबलात आता दोनच ओळी दिसतील. मग बंद केलेले दोन्ही प्रोग्रॅम चालू करा आणि मुलांना वहीवर नजर ठेवायला सांगा. थोडा वेळ काहीच होत नाही, मुले चुळबुळ करू लागतात. मग पहिली पावती येते, दुसरी येते, तिसरी येते, आणि त्यांच्यामागून, 'डी' असे अक्षर लावून, पुसलेल्या पावतीची नोंदही येते.